भरलेल्या हाताकडे बघायचं नाय

मिरकरवाडा बंदरात मासेमारीची जाळी शिवणारे एक काका लाकडी चेंडू बोटांत असा फिरवतात, की एकाचे चार होतात. चेंडू तळव्याच्या खळग्यात धरायचा, बोटं सैल सोडायची. "आणि मेल्या, भरलेल्या हाताकडे आपण बघायचं नाय," हे त्यांनी हा खेळ शिकवताना मला दहादा सांगितलं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. सांगितलेलं विसरत नाही.

गेल्या वर्षी वाडीच्या पूजेला त्यांचा चेंडू घरंगळला आणि लोक हसले. यंदा पडला तर पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा, असं मंडळाने बजावलं होतं. काका म्हणाले, सकाळी सुरी लागली; त्यांच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. खेळ सुरू झाला. चेंडू उजव्या मुठीत गेला आणि पट्टीवर लाल डाग दिसला. मी पहिल्या रांगेत होतो; माझी नजर तिथेच खिळली.

मागून कोणीतरी ओरडलं, "उजवा हात उघडा, काका!"

मी नजर खाली घातली, पण उशीर झाला होता. काकांनी सावकाश मूठ उघडली. ती रिकामी होती. डाव्या हाताच्या बोटांत चार चेंडू उभे होते.

नंतर मी माफी मागायला गेलो.

"कसली माफी? तू शिकलेला. तू बघशील तिकडे वाडी बघणार, हे धरूनच होतो मी," म्हणत त्यांनी कुंकवाने माखलेली पट्टी सोडली. अंगठ्याला साधा ओरखडाही नव्हता.