हॅलोकाकांच्या घरातून जाणारे तिघे

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या माणसाला शेजारीपाजारी हॅलोकाका म्हणणार, दुसरं काय. स्विचबोर्डवरचे दोर इकडून तिकडे खोचून काकांनी अख्ख्या गावाची बोलणी जुळवली होती. तिथला नियम एकच: जोडून दिलं की हेडफोन कानावरून काढायचा. कोण कोणाशी काय बोलतं, याच्याशी ऑपरेटरला देणंघेणं नाही. काकांनी तो इमानेइतबारे पाळला.

पुढे निवृत्ती आली, दोन वर्षांत बायको गेली आणि घर खायला उठलं. मुलगी दूरदेशी. दर रविवारी सकाळी अकराला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तेवढ्या वीस मिनिटांसाठी काका शनिवारपासून इस्त्रीचा शर्ट काढून ठेवत.

मुलीला आईचे जुने फोटो हवे होते. ते परक्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून काकांनी बरंच वाचलं आणि विकेंद्रित व्हीपीएन नावाचं प्रकरण लॅपटॉपवर चढवलं. व्हीपीएन म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्याच्या पत्त्यावरून फिरवून आपला माग लपवायचा; साध्या व्हीपीएनमध्ये त्यासाठी सगळा भरवसा एका कंपनीवर. इथे तुमची वाट दुसऱ्या कोणाच्या घरातून, आणि परवानगी दिलीत तर कोणाची तुमच्या घरातून. काका हरखले. हे तर आपलं एक्स्चेंजच की! त्यांनी मागचापुढचा विचार न करता आपली लाइन इतरांना खुली केली. कोपऱ्यात अक्षरं उमटली: सध्या तुमच्यामार्फत तीन जण.

फोटो मुंगीच्या पावलांनी गेले, दोन दिवस लागले. काकांची तक्रार नव्हती. सकाळी तोंड धुण्याआधी ते आकडा पाहत. चार दिसले की खूश, एकच दिसला की जीव खालीवर. वीज जाऊन आली की धावत जाऊन सगळं चालू करत, जणू दारात कोणी खोळंबलंय. ते कोण, कुठले, हे काकांनी कधी शोधलं नाही.

मग एका गुरुवारी इंटरनेट कंपनीचं पत्र आलं. तुमच्या पत्त्यावरून चोरीचे सिनेमे वाटले जात आहेत. सात दिवसांत थांबवा, नाहीतर जोडणी तोडू. काका चक्रावले. एक्स्चेंजमध्ये कोणी कोणाला शिव्या घातल्या म्हणून ऑपरेटरला कधी कोणी धरलं नव्हतं. इथे मात्र तिऱ्हाइताचं बोलणं त्यांच्या तोंडून बाहेर पडत होतं, आणि हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. जोडणी गेली तर रविवार जाणार, हे कळत होतं. तरी तीन दिवस हात लाइन बंद करायच्या बटणापाशी जाऊन परत येत राहिला.

रविवारी त्यांनी पत्र मुलीला वाचून दाखवलं.

"बाबा, आधी ते बंद करा. उचापती लोकांच्या आणि खापर तुमच्या डोक्यावर."

"मी काही ऐकत नव्हतो गं."

"ऐकत नव्हता, पण पत्ता तुमचाच दिसत होता ना. आणि फोटोंसाठी एवढा खटाटोप कशाला? फाइलला पासवर्ड घालायचा आणि तो मला फोनवर सांगायचा. मग ती कुठूनही जाऊ दे, कोणाला उघडणार नाही."

"म्हणजे याचा उपयोगच नाही?"

"आहे ना. आपण कुठून काय बघतो हे ज्याला लपवायचंय आणि कुठल्याच कंपनीवर भरवसा नाही, त्याला आहे. तोही आपलं घर मोकळं सोडत नाही. तुम्हाला काय लपवायचंय?"

काकांना लपवायचं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

तिच्यादेखत त्यांनी बटण दाबलं. तिनाचं शून्य झालं. मग ते उगाच चष्मा पुसत बसले.

"बाबा, तिथे कोणाशी बोलता यायचं का?"

"छे. एक शब्दही नाही."

"मग एवढं काय होतं त्यात?"

"माझ्यावाचून त्यांचं अडलं असतं," काका म्हणाले.

मुलीचं त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.