बाबांना न्हाऊ घालता येतं

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात हिमानी जागी कमी आणि झोपेत जास्त असायची. अमेरिकेत ट्रॉय गावातल्या त्या अपार्टमेंटच्या खिडकीबाहेर दिवसभर बर्फ भुरभुरायचं, आणि सोफ्यावर पडल्या पडल्या तिला दिसायचं, की बाबा नागपूरहून थेट चालतच आलेत, काखेत तांब्याचं घंगाळ घेऊन. दार उघडायला उठावं तर जाग यायची.

पहिलं बाळंतपण आणि माहेरचं एक माणूस जवळ नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं, आणि ते ती लपवतही नव्हती. आई जाऊन चार वर्षं झालेली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. उरले बाबा, म्हणजे पुरुषोत्तमराव, पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त कारकून. तिच्या माहितीत त्यांनी जन्मात कधी दूधसुद्धा तापवलं नव्हतं. आता अशा माणसाला कुणी बाळंतपणाला बोलावतं का? पण हिमानीला तेच हवे होते.

आणि त्यांचा व्हिसा एकदा नाकारून झाला होता. ती करणी प्रसादची, हिमानीच्या नवऱ्याची. माणूस भला, पण नको तिथे शहाणपणा करणारा. "बाळाचं नावच काढू नका बाबा, फिरायला जातोय म्हणा," असं त्यानेच पढवलं. मुंबईला खिडकीमागच्या साहेबाने विचारलं, काय काय बघणार? बाबा म्हणाले, "ट्रॉय." तिथे बघायला म्हणून कोण जातं! झालं, दोन मिनिटांत बाहेर.

दुसरी तारीख मिळाली तोवर हिमानीला मुलगी होऊन दहा दिवस झाले होते. त्या सकाळी बाळाला पाजता पाजता ती पेंगत होती, तेव्हा फोन आला. बाबांचा आवाज पाण्याखालून यावा तसा वाटला.

"पासपोर्ट ठेवून घेतला त्यांनी."

"म्हणजे व्हिसा मिळाला? काय सांगितलंत?"

"खरं ते. मुलीला आई नाही, नातीला न्हाऊ घालायला जातोय. साहेब म्हणे, तुम्हाला येतं? म्हटलं, शेजारच्या रेणूच्या मुलावर दोन महिने हात बसवलाय. मग मान कशी धरायची, पाणी कसं सोडायचं, तिथेच करून दाखवलं. मागची रांग बघत होती."

"आणि परत येणार कशावरून, हे नाही विचारलं?"

"विचारलं ना. म्हटलं, यावंच लागेल. आमच्या गल्लीतली चार बाळं माझ्याकडून आंघोळ करून घेतात. वैशाखात पाचवं येतंय."

हिमानी हसली, आणि टाके दुखले म्हणून थांबली. हे आपलेच बाबा, की अजून आपण झोपेतच आहोत, हे तिला बराच वेळ कळेना.

बाळ तीन आठवड्यांचं झालं तेव्हा बाबा आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाथरूम पाहिलं. जमिनीवर पाणी जायला वाटच नाही. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते सरळ टबात उतरून पाय लांब करून बसले. बाळ पायांवर पालथं. तेल, पीठ, गरम पाणी. खोली वाफेने भरली. पोरगी दोनदा कुरकुरली आणि चक्क गप्प झाली. प्रसादने तिला दुपट्यात गुंडाळून नेलं.

"आता तू," बाबा म्हणाले. "डोकं इकडे कर."

हिमानी खाली बसली आणि तिने टबाच्या काठावर मान टेकवली. तांब्या कपाळाशी आला, पण डोळ्यांत एक थेंब गेला नाही. बोटं केसांतला गुंता न ओढता सोडवत होती. तिला झापड यायला लागली.

"हेही रेणूकडेच शिकलात?"

"नाही. तुझ्या आईचे शेवटी मीच धुवायचो. तिला उठता येत नव्हतं. तू इथे होतीस, तुला काय सांगायचं."

हिमानीला जाग आली. तेव्हा आपण जायला हवं होतं, कसंही करून जायला हवं होतं, असं तिला वाटत राहिलं. तिने डोकं काठावरून उचललं नाही. बाबांनी हाताने पाणी बघितलं आणि दुसरा तांब्या भरला.