झिरो आणि सीरो

त्या पोरीचा ‘झिरो’ अजून माझ्या कानात आहे. भिलाईच्या पोलीस ठाण्यांत माझी सारी नोकरी गेली. चोर पाहिले, लबाड पाहिले, पण त्या प्रकरणात जितकी चिडले तितकी कधी चिडले नाही. आणि गंमत म्हणजे त्यात चोर कोणी नव्हताच.

झालं असं, की एसपी ऑफिसातून आमच्या ठाण्यात एक तक्रार आली. विलायतेतल्या एका नर्सिंग कॉलेजची. त्यांनी प्रवेशासाठी कॉम्प्युटरवर इंग्रजी बोलण्याची परीक्षा घेतली होती. भिलाईच्या दोन नर्स मुलींचं रेकॉर्डिंग ऐकून तिथल्या साहेबानं लिहिलं होतं, की दोन्हीकडे आवाज एकाच बाईचा आहे. तेच उत्तर, तेच भारतीय उच्चार. एकीनं दुसरीच्या नावावर परीक्षा दिली, चौकशी करा.

आमचे टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, पत्र वाचून म्हणाले, “मॅडम, अंग्रेज़ लिख के दे रहा है, तो कुछ तो होगा. दोनों का बयान लो, एफआईआर काटो.”

“सर, पहले रेकॉर्डिंग सुन तो लें.”

“आप अंग्रेज़ी सुनके क्या करोगी?”

माझं शिक्षण दहावीचं. इंग्रजी मी रेडिओ ऐकून आणि पेपर वाचून आपली आपणच शिकले. साहेब हसतात तर हसू दे म्हटलं, आणि दोघींना बोलावणं पाठवलं.

पहिली खुर्सीपारची, भिलाईतलीच कामगार वस्ती. बाप स्टील प्लांटात ठेकेदाराकडे, घर मूळचं भंडाऱ्याकडचं. तिची आई सोबत आली होती, ती खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती. “बाई, केस लागली तं पासपोर्ट गेला न? घरात पहिलीच पोरगी एवढी शिकली. मंग तिले कोण घेईन?” दुसरी मुलगी केरळची. इथे मावशीकडे राहायची. दोघी एकाच दवाखान्यात नोकरीला आणि नेहरू नगरच्या एकाच इंग्रजी क्लासला.

नियमाप्रमाणे दोघींना वेगवेगळं बसवलं. खुर्सीपारच्या पोरीला मी सरळच विचारलं.

“तिच्या जागी तू बोलली काय?”

“नाही मॅडम.”

“मंग दोघींचं उत्तर शब्दाला शब्द एकच कावून?”

“सरांनं पाठ करून घेतलं न. ‘माय सिटी इज फेमस फॉर स्टील.’ अख्ख्या बॅचले तेच पाठ आहे.”

केरळच्या मुलीनंही हेच सांगितलं. तरी मी स्वतः क्लासवर गेले. जिना चढता चढताच ऐकू आलं, आत सगळी बॅच एका सुरात भिलाईला स्टीलसाठी फेमस करून राहिली होती. उत्तर सारखं का, ते कळलं. राहिला आवाज.

ठाण्यात येऊन टेबलावर रेकॉर्डिंग लावलं. परीक्षेत एक टेलिफोन नंबर वाचायचा होता. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ‘झिरो, झिरो’, आपल्या मराठी माणसाचा खणखणीत झ. दुसऱ्यात ‘सीरो, सीरो’. टीआय साहेब चहाचा कप ओठाशी धरून थांबले.

“अरे, ये दूसरी वाली तो मलयाली है! हमारे सेक्टर में बाजू वाली आंटी बिलकुल ऐसे ही बोलती थीं.”

“तो केस, सर?”

“काहे का केस?”

भिलाईत वाढलेल्या कुणालाही एका शब्दात कळेल अशी गोष्ट. इथे प्लांटापायी सारा देश शेजारी राहतो, कान आपोआप तयार होतात. पण विलायतेतल्या त्या साहेबाला पटवायचं होतं. व्हिडिओ कॉल लावला. साहेब गोड हसला आणि म्हणाला, मला तर दोघी सारख्याच वाटतात, तुमच्याकडे सगळे असेच बोलतात ना?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन पोरींचं आयुष्य टांगणीला लागलं होतं आणि याला सगळे सारखे! मी म्हटलं, “सर, यू क्लोज युअर आइज. नाऊ लिसन.”

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. माफ करा, तुमचा अ‍ॅक्सेंट मला समजत नाही.

“नो प्रॉब्लेम सर. आय अल्सो नॉट अंडरस्टँड युअर अ‍ॅक्सेंट. बट आय अ‍ॅम नॉट फायलिंग केस ऑन यू.”

टीआय साहेबांना खोकला आला. खुर्सीपारची पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग मी दोघींना पुढे बसवलं. रेकॉर्डिंगचा एक तुकडा, लगेच त्याच पोरीचा आवाज. झिरो. झिरो. सीरो. सीरो. पुन्हा. पुन्हा. चौथ्या खेपेला साहेबाचं हसू गेलं. “ओह,” म्हणाला.

आम्ही अहवाल लिहिला, की व्यक्ती दोन, आवाज दोन, गुन्हा घडलेला नाही. कॉलेजनं तक्रार मागे घेतली, प्रवेशही दिला. कारण काय लिहिलं? ‘उच्चारांतील साम्यामुळे झालेला गोंधळ.’ म्हणजे चूक आमच्या जिभेची, त्यांच्या कानाची नाही! माफीचा शब्द नाही. आजही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

ठाण्यात कितीतरी साक्षीदार म्हणायचे, “साहेब, सगळे एकसारखेच दिसत होते.” असं म्हणणाऱ्यानं नीट पाहिलेलंच नसतं, हे नोकरीत लवकर कळतं. ऐकण्याचंही तसंच आहे, हे मला या प्रकरणानं शिकवलं. पुढे टेपवरचा आवाज ‘तोच आहे’ असं कोणी ठामपणे सांगितलं, की मी त्याला परत बसवायचे आणि परत ऐकवायचे.

ती झिरोवाली पोरगी आता तिकडेच नर्स आहे. मधून मधून फोन करते. मागं सांगत होती, “मावशी, एक पेशंट विचारे, हा अ‍ॅक्सेंट कुठचा म्हून.”

“मंग? तू काय म्हटलं?”

“खुर्सीपार. त्याले म्हणून दाखवाले लावलं. बिचाऱ्याले ख च येईना. नीट म्हणेपर्यंत सोडलाच नाही त्याले.”