सिस्टरांचं स्वतःचं स्थळ

सिस्टर दुसऱ्याच्या मनातलं बोलायच्या. ज्याच्या मनातलं असायचं तो माणूस शेजारी उभा असला तरी बोलायच्या. लीड्सला त्यांच्या घरात खोली घेऊन मी राहायला आले, त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी नागपुरी पद्धतीचा रस्सा केला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी "छान झालाय" म्हणत होते. जेवण चालू असतानाच त्यांच्या भावाचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. सिस्टरांनी फोन माझ्याकडे वळवला आणि त्याला सांगितलं, "हे बघ, ही नवीन पोरगी. तिला तिखट सोसत नाही, पण ती सांगणार नाही. उद्यापासून तिचं वेगळं काढते."

तिखटाबद्दल मी एक शब्दही बोलले नव्हते. मला थोडा राग आला आणि बरंचसं हायसं वाटलं. मी पुण्याची, इंग्रजी माध्यमात शिकलेली; मला दोन्ही भाषांत उत्तम गप्प बसता येतं.

तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्या वॉर्ड सिस्टर होत्या, म्हणून सगळ्यांच्याच सिस्टर झाल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली, उंच, ठणठणीत बाई. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या बाईंच्या गुडघेदुखीबद्दल त्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांशी बोलायच्या आणि त्या बाई नुसत्या मान डोलवायच्या. कचऱ्याचे बिन न्यायला गाडी आली नाही की अख्ख्या गल्लीच्या वतीने कौन्सिलला फोन त्यांचाच.

पण त्यांचं खरं क्षेत्र होतं स्थळं. आमचं बौद्ध मंडळ महिन्यातून एका रविवारी सकाळी चर्चचा हॉल भाड्याने घेऊन जमायचं. वंदना, एखादं व्याख्यान, मग खिचडी. व्याख्यान चालू असेपर्यंत सिस्टर मागच्या रांगेत शांत बसत. खिचडीच्या टेबलाशी मात्र त्यांचं काम सुरू होई. "अहो, तुमचा मुलगा ब्रिस्टलला ना, विमानाच्या कंपनीत? तिथंच एक मुलगी आहे, डेंटिस्ट. तुम्ही विचारू नका, बरं दिसत नाही. मी विचारते." दोन्हीकडचे आईबाप सुटल्यासारखे हसत. आपल्यात अशी गोष्ट थेट विचारायची नसते, मध्ये कोणीतरी लागतं. होकार आला तर ते माणूस पेढे खातं आणि नकार आला तर तो वाटेतच मऊ करून पोहोचवतं. सिस्टरांनी असे कितीतरी नकार मऊ केले होते.

त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. भावांची शिक्षणं, बहिणीचं लग्न, मग इकडची नोकरी. कोणी विचारलंच तर म्हणत, "राहून गेलं बाप्पा. बसमध्ये छत्री राहते तसं. उतरल्यावर कळतं."

मंडळ नसेल त्या रविवारी दुपारी आम्ही सिनेमा बघायचो, आणि तोही बहुतेक वेळा एकच. शाळेतल्या पहिल्या प्रेमाचा एक थाई सिनेमा. वॉर्डवरच्या एका थाई नर्सने त्यांना तो सांगितला होता. सिस्टर मांडीवर परात घेऊन आठवड्याचा लसूण सोलत बसायच्या. नजर हातांकडे, त्यामुळे खालची इंग्रजी वाक्यं मी मराठीत वाचून दाखवायची. माझं मराठी तेव्हा जरा अडखळायचं. "असं कोण बोलतं घरात?" असं म्हणून त्या दुरुस्त करायच्या.

गोष्ट साधी होती. शाळेबाहेर आईच्या गाड्यावर तळलेली केळी विकणारी एक मुलगी. वरच्या वर्गातला, पोहण्याच्या संघातला एक मुलगा. त्याच्यासाठी ती पोहायला शिकते, केस कापते, अभ्यासात पुढे जाते, सगळं करते. फक्त त्याला सांगत नाही. शेवटी आपल्या मैत्रिणीला पाठवते. त्या मुलाला वाटतं, मैत्रीण स्वतःचंच सांगतेय. पुढे सगळा घोळ आणि वाया गेलेली वर्षं. त्या जागी सिस्टर दर वेळी लसणाची पाकळी परातीत आपटायच्या. "काहून पाठवते तिला? तोंड नाही का हिला? निरोप म्हणजे काय पार्सल आहे?"

"सिस्टर, ती पंधरा वर्षांची आहे," मी म्हणायचे.

"मग? पंधराव्या वर्षी नाही बोलणार तर कधी?"

मंडळात गजभिये काका होते. रिटायर्ड इंजिनिअर, बायको वारलेली, मुलगा अमेरिकेत. हॉलमध्ये माणसं जेमतेम चाळीस, तरी काका दर वेळी माइक लावायचे. वायरी नीट गुंडाळायचे, टेपने जमिनीला चिकटवायचे, कोणी अडखळू नये म्हणून. मी कोपऱ्यात बसणारी, त्यामुळे मला पुष्कळ दिसतं. खिचडीच्या पातेल्याच्या तळाची खरवड सिस्टर कोणाला देत नसत. एका वाटीत काढून झाकून ठेवत, आणि वायरी गुंडाळून झाल्या की ती वाटी गजभिये काकांपुढे येई. "जय भीम सिस्टर, आज पण ठेवलीत?" "उरली होती," सिस्टर म्हणत. ती उरलेली नसे. 

एका रविवारी सिनेमात ती मैत्रीण निरोप पोहोचवायला निघाली, आणि पाकळी आपटल्याचा आवाज आला नाही. सिस्टर परातीकडे बघतच म्हणाल्या, "माझं एक काम करशील?"

"करीन की."

"गजभियेंना विचारशील? माझ्यासाठी."

मी सिनेमा थांबवला. पडद्यावर ती मैत्रीण अर्ध्या पावलात उभी राहिली.

"ते काही दिवसांनी मुलाकडे चाललेत, सहा महिने. नंतर काय ठरतं कोण जाणे," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांचं मी बोलते. माझं कोण बोलणार? घरचं मोठं इथे कोणी नाही."

"सिस्टर, मी? मला फोनवर पिझ्झासुद्धा मागवता येत नाही."

"म्हणूनच. तू जास्तीचं बोलणार नाहीस."

पुढच्या मंडळाच्या रविवारी आम्ही सगळ्यांच्या आधी पोहोचलो. गजभिये काका माइक लावायला लवकर येतात, हे सिस्टरांना ठाऊक होतं. हॉलबाहेर गाडी लावून त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं. "काका, सिस्टरांचं स्थळ आहे. विचार करून सांगा, घाई नाही. इतकंच. आणि नाही म्हणाले तर वर तोंड करून बघू नकोस त्यांच्याकडे, त्यांना वाईट वाटेल." गाडीची किल्ली काढताना ती त्यांच्या हातून दोनदा निसटली. अत्यवस्थ माणसाच्या हातात न चुकता सुई घालणारे हात होते ते.

मी दाराच्या कडीला हात घातला, आणि का कोण जाणे, उतरले नाही. म्हणाले, "सिस्टर, सिनेमातल्या त्या मुलीला तुम्ही दर वेळी काय म्हणता?"

त्यांनी आरशात स्वतःकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "तू दिसतेस तशी गरीब नाहीस." ओढणी सारखी केली आणि उतरल्या.

काचेच्या दारातून मला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. काका वायर सोडवत होते. सिस्टर उभ्या राहून बोलल्या, दोनतीन वाक्यंच असतील. काकांनी वायर खाली ठेवली. दोन खुर्च्या ओढल्या, समोरासमोर. पाण्याचा पेला आणून दिला. मग काका बोलत होते आणि सिस्टर ऐकत होत्या. सिस्टरांना इतका वेळ ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर येऊन त्या गाडीत बसल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"नाही म्हणाले."

मी सीटबेल्ट लावायला घेतला.

"बायकोशी अजून रोज बोलतो म्हणाले. सकाळी चहा करताना. दुसऱ्या कोणाला त्या घरात आणलं तर तिला गप्प बसावं लागेल, म्हणाले." मग म्हणाल्या, "पण नीट म्हणाले गं. माझ्याकडे बघून म्हणाले. मी इतके नकार पोहोचवले लोकांचे, असा कोणाला दिला नाही. चल."

"कुठे? घरी?"

"आत. खिचडी टाकायची आहे."

"आत्ता? आत?"

"मग? नकार आहे, ताप नाही."

घरी गेल्यावर मात्र स्वयंपाकघरातला नळ खूप वेळ वाहत राहिला, भांडी दोनच असताना. मी जिन्यावर बसून होते. आत जावं की न जावं हे ठरेना. शेवटी गेले आणि फडकं घेऊन ती दोन भांडी पुसली.  

पुढे गजभिये काका अमेरिकेला जाऊन आले, आणि खरवडीची वाटी त्यांच्यापुढे पूर्वीसारखीच येत राहिली. बदललं ते सिस्टरांचं काम. कोणी आई टेबलाशी येऊन कुजबुजली, "सिस्टर, तेवढं त्यांना विचारा ना," की त्या म्हणत, "नंबर देते. पोरांना म्हणा, बोला आपापसात." लोक नाराज झाले. एका काकूंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टरांचं काही बिनसलंय का गं?" मी नेहमीसारखी हसले.

मला कार्डिफला नोकरी लागली. निघताना कोच स्टेशनवर, बसपाशी, सिस्टरांनी डबा हातात दिला, बॅग स्वतः चढवली, आणि ड्रायव्हरला सांगितलं की हिला गाडी लागते पण ही सांगणार नाही. सवय अजून पुरती गेली नव्हती.

रविवारी दुपारी अजून त्यांचा फोन येतो. दर वेळी एक प्रश्न असतोच. "काय गं, आहे का कोणी?" मी दर वेळी नाही म्हणते. गेल्या रविवारीही म्हणाले.

"खोटं," त्या म्हणाल्या.

आणि मी सांगून टाकलं. आईलाही सांगितलं नव्हतं ते. त्याचं नाव सांगितलं. तो ऑफिसात माझ्याच मजल्यावर बसतो, मीटिंगमध्ये मी बोलायला तोंड उघडलं की बाकीच्यांना हाताने थांबवतो, हे सांगितलं. दुपारी तो एकटाच नदीकाठी सँडविच खायला जातो, आणि माझी खिडकी त्याच बाजूला आहे, हेही. आयुष्यात एका दमात इतकं मी कधी कोणाशी बोलले नसेन. पलीकडे लसूण सोलल्याचा आवाजसुद्धा थांबला होता.

माझं बोलून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "चांगला वाटतोय पोरगा. पण हे मला कशाला सांगतेस?"

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.