पहिल्या चौकोनातली खूण

ज्याने शिवलेल्या पुस्तकाचं पान कधी सुटलं नाही, तो छापखान्यातला म्हातारा बाइंडर गेला. सगळ्यांनी त्याच्या बायकोला एकच धीर दिला, की त्याची पेन्शन अर्धी तरी तुला मिळेलच. त्या भरवशावर धाकट्या दिराने तिला आपल्या दोन खोल्यांत जागा दिली आणि आज कचेरीतही आणलं.

कारकुनाने फाइल उघडली. "काकू, निवृत्त होताना काकांनी पहिल्या चौकोनात खूण केलीय. म्हणजे ते असेपर्यंत त्यांना जास्त, मागे कोणाला काही नाही. खाली संमतीची सही तुमचीच ना?"

सही तिचीच होती. त्या वर्षी डॉक्टरांनी तिची आशा सोडली होती आणि औषधांना जास्त पैसे हवे होते. नवरा पेन धरून नुसता बसून राहिला, तेव्हा तीच हसून म्हणाली होती, "करा हो खूण. मी काय, चार दिवसांची पाहुणी. मागे उरणार तुम्ही." त्याच औषधांनी ती जगली आणि धडधाकट बाइंडर जेवता जेवता गेला.

"आता बदलता येतं का हो?"

"पहिला हप्ता घेतला की नाही बदलत."

बाहेर दीर बाकावर बसला होता. "काय म्हणाले, वहिनी? की दादाने इथेही घोळ घालून ठेवलाय?"

"छे, त्यांचे कागद अगदी चोख आहेत," ती म्हणाली. "मिळेल म्हणाले. थोडा वेळ लागेल."

दीर समाधानाने जिना उतरू लागला. पुढच्या महिन्यात त्याला काय सांगायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.