वाचवलेलं चालणं

घोडबंदर रोडच्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटचं रंगकाम चाललंय. आठवडा झाला. जिन्यात, लिफ्टमध्ये, अगदी वाळत घातलेल्या टॉवेलातसुद्धा थिनरचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास मुरलाय. "दोन दिवसांत जाईल हो," शेजारीण म्हणाली. मी हसले आणि दार लावून घेतलं. तिला काय सांगणार, की मला हा वास सोळा वर्षांपासून येतोय.

मी इंडस्ट्रियल इंजिनिअर. नाव भारदस्त, पण काम म्हणाल तर दुसऱ्याच्या कामाकडे बघत उभं राहायचं आणि त्यातलं फुकट काय जातं ते शोधायचं. डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूला, विजेच्या पॅनेलसाठी पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात तेव्हा मी नुकती लागले होते आणि डोक्यात पुस्तक ताजं होतं. कागदावर गोल म्हणजे काम, चौकोन म्हणजे तपासणी, बाण म्हणजे ने-आण. गोल तेवढा कामाचा; बाण दिसला की खोडायचा. हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं, की घरी आई ओट्यापासून फ्रिजपर्यंत चारदा गेली तरी मी तिला ऐकवायची. मला खरं तर कुणीतरी वेळीच गप्प बसवायला हवं होतं.

रंगाच्या खोलीला लागून एक टेबल होतं. तिथे एक काका कपाटांची दारं थिनरच्या फडक्याने पुसून रंगासाठी तयार करत. कोकणातले, पन्नाशी उलटलेले, बोलायला मोजके. हात असा स्वच्छ चालायचा की बघत राहावं. मला त्यांच्यात एकच खोट दिसली. पॉलिश पेपर आणि फडकी आणायला ते पटांगण ओलांडून स्टोअरच्या खिडकीपर्यंत जात आणि एका खेपेला दोनच दारांपुरतं सामान आणत. दोन दारं झाली की पुन्हा निघाले. मी विचारलं, "काका, एकदम का नाही आणत?"

"असू दे मॅडम," ते म्हणाले, "पाय मोकळे होतात."

मला ती भिडस्त माणसाची सबब वाटली. मी कारखान्याचा नकाशा फळीवर चिकटवला, टाचण्या टोचल्या आणि दिवसभर त्यांच्या मागे राहून प्रत्येक खेपेला लाल दोरा फिरवत गेले. संध्याकाळपर्यंत टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये वेणीएवढा जाड दोरा झाला. मॅनेजरसाहेब खूश. पुढच्याच आठवड्यात काकांच्या टेबलाला खेटून रॅक उभा राहिला, दिवसभराचं सामान हाताशी. कँटीनच्या फळ्यावर माझा फोटो लागला. काकांनीही अभिनंदन केलं. नंतर एकदा ते नुसतेच दाराकडे निघाले, तर सुपरवायझर म्हणाला, "सगळं हाताशी दिलंय ना? आता कुठे?" ते मुकाट्याने परत फिरले. मी तिथेच उभी होते, वही हातात घेऊन.

महिन्याभराने स्टोअरचा माणूस बोलता बोलता म्हणाला, "काका सामानासाठी थोडेच यायचे, मॅडम? इथे उभे राहून चार श्वास घ्यायचे. आतला वास सोसायचा नाही त्यांना." तो सहज बोलून गेला, माझ्या थोबाडीत बसल्यासारखं झालं. वासाच्या, उष्णतेच्या जागी काम करणाऱ्याला विसाव्याचा वेळ द्यावा, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी तो कागदावर धरलाही होता. काकांनी तो कुणालाही न विचारता स्वतःच शोधून काढला होता आणि मी तो बाण समजून खोडला होता.

इथपर्यंतच्याला चूक म्हणता येईल. पुढच्याला मी चूक म्हणत नाही. रॅक परत हलवणं अर्ध्या तासाचं काम होतं. साहेबांकडे जाऊन 'माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. पण तो रॅक आता पाहुण्यांना कौतुकाने दाखवला जायचा आणि माझी बढती तोंडावर आली होती. मी हवा खेचणाऱ्या पंख्यासाठी एक अर्ज दिला, 'बघू' असं उत्तर आलं आणि त्या 'बघू'च्या आडोशाला मी मूग गिळून बसले. काकांनी तोंडाला रुमाल बांधला. गणपती झाले, दिवाळी झाली. त्यांचा खोकला पलीकडच्या शेडमध्ये ऐकू यायला लागला. शिमग्याच्या सुमारास डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं आणि त्या टेबलावर दुसरा माणूस आला. मला बढती मिळाली.

वर्षभराने मी त्यांच्या घरी गेले. डोंबिवलीतच, दुसऱ्या मजल्यावर. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच निघाले होते. रिक्षात वाक्यंही जुळवली होती. काकूंनी चहा आणला. काका खुर्चीत पुढे वाकून बसलेले, एकेक वाक्य तोडून तोडून बोलत होते. "काका, तो रॅक..." एवढंच मी म्हटलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मनाला लावून घेऊ नकोस. माझे पाय दुखू नयेत म्हणूनच केलंस ना तू." ते थांबले, दम घेतला. "तुला कुठे ठाऊक होतं, बाय?"

कारखान्यात कायम मॅडम म्हणणारा माणूस पहिल्यांदाच मला बाय म्हणाला. काकू मायेने माझ्याकडे बघत होत्या. मी कपात बघत म्हटलं, "नाही हो काका. नव्हतं ठाऊक."

आता माझ्या हाताखाली मुलं-मुली लोकांच्या खेपा मोजतात. बाण खोडण्याआधी त्या माणसाला विचारा, असं मी त्यांना सांगते आणि ती ते वहीत उतरवून घेतात. मी कशामुळे सांगते हे अजून कुणी विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही. काका त्या भेटीनंतरच्या पावसाळ्यात गेले. जाताना त्यांच्या मनात माझ्याविषयी काही किल्मिष नव्हतं, असं तेराव्याला काकू म्हणाल्या, आणि ते ऐकून सगळ्यांसमोर मी मान हलवली.