दुपट्याच्या खालून

तिचं खरं आडनाव काय, हे विचारलं तर तिच्या नवऱ्यालाही दोन मिनिटं आठवावं लागलं असतं. सगळी गल्ली तिला दुपटेबाई म्हणायची. कुणाकडे बाळ झालं की फ्लॅनेलचं दुपटं हिच्याच हातचं. वरचं कापड बदकांचं हवं की चांदण्यांचं, हे आईबापांनी ठरवायचं. पण दोन कापडांच्या मध्ये जे भरण घालायचं, ते दुपटेबाईच निवडणार. तिथे कुणी नाक खुपसलं की बाईसाहेब सुई खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मग तूच शिव की!" संपला विषय.

निवडायची तिची रीतही ठरलेली. भरणाचा तुकडा गालाला लावायचा, डोळे मिटायचे, मग मुठीत दाबून सोडायचा. दाबलेलं लगेच फुगून वर आलं की स्वारी खूश. कापूस तिला नको असायचा, धुतला की त्याचे गोळे होतात म्हणून. लोकर टोचते म्हणून नको. तिचं लाडकं म्हणजे पांढरं, फुगीर सिंथेटिक भरण, आणि तेही दुहेरी. तिच्या दुपट्यात बाळ बुडून जायचं आणि बघणारे म्हणायचे, काय उबदार केलंय हो!

अशा या बाईच्या लेकीला, दोनदा पदरी निराशा आल्यावर, मुलगी झाली. तीही दिवस भरायच्या आधीच. एवढीशी, मुठीत मावेल अशी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती, आणि आता उद्या घरी यायची होती. दुपारी लेकीचा फोन आला.

"आई, दुपटं झालं का गं?"

"होतंय. भरण तेवढं घालायचंय."

"नर्स म्हणाली, झोपेत हिचा श्वास मध्येच अडकतो. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा म्हणाली." लेकीचा आवाज बसला होता. "आई, मला फार भीती वाटते गं."

"भीती कसली? मी आहे ना इथे खंबीर," असं ठसक्यात म्हणून दुपटेबाईने फोन ठेवला आणि मटकन खाली बसली. कसली खंबीर!

टेबलावर फ्लॅनेल कापून तयार होतं. शेजारी कापूस, लोकर आणि ते लाडकं फुगीर भरण. तिने एकेक गालाला लावून पाहिलं. नेहमी गाल सांगायचा, आज काही सांगेना. श्वास अडकणाऱ्या पोरीला यातलं काय सोसेल, हे गालाला कुठून कळणार? दुपटं शिवणारी बाई कायम दुपट्याच्या वर असते, वरून बघते, वरून दाबते. खाली जाऊन बघायचं कुणाच्या डोक्यात येतं? तिच्या डोक्यात आज ते आलं. ती सरळ फरशीवर उताणी झाली आणि ते दुहेरी भरण तिने तोंडावर ओढून घेतलं. हात मात्र अंगालगत ठेवले. तेवढ्या बाळाला कुठे ते बाजूला सारता येणार होतं?

पहिला श्वास बरा गेला. दुसरा गरम लागला. मग स्वतःचाच सोडलेला श्वास ओलसर होऊन परत नाकात यायला लागला. तोंड उघडलं तर भरण ओठांना चिकटलं. छाती भरेना. कानात ठोके वाजायला लागले. आत्ता, आत्ता, करत तिने शेवटी ते भिरकावून दिलं आणि धापा टाकत उठून बसली.

बेकरीवाल्याचा नातू!

गेल्याच आठवड्यात तिने त्याला दुपटं दिलं होतं, दुहेरी भरणाचं. वर त्यांच्या सुनेला शहाणपण शिकवून आली होती, "थंडी आहे गं, नाकापर्यंत ओढत जा चांगलं."

ती तशीच घरातल्या गाउनवर धावत सुटली. कोपऱ्यावरच्या चांभाराने विचारलं, "काय दुपटेबाई, आग लागली का कुठे?" एरवी तिने त्याला दोन शब्द सुनावले असते. बेकरीवाला पाव मांडत होता.

"सून आणि नातू वर झोपलेत," तो कौतुकाने म्हणाला. "दोन तास झाले, पोराचं हूं नाही की चूं नाही. गुणी आहे बघा!"

जिना कसा चढली, तिचं तिला ठाऊक. वर सून भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पाळण्यात दुपटं होतं, आणि दुपट्याच्या वर फक्त चार केस दिसत होते. दुपटं हलत नव्हतं. निदान तिला तरी हलताना दिसेना. हात पुढे केला आणि तसाच थांबला. उचललं तर जे असेल ते दिसणार. देवा, असं नको रे करू. मग तिने डोळे मिटले आणि खसकन ओढलं.

काही आवाज आला नाही. तिने डोळे उघडले. पोराचं तोंड लालभडक, केस घामाने कपाळाला चिकटलेले. आणि मग त्याने ओठ वेडेवाकडे केले, मोठ्ठा श्वास ओढला आणि घर डोक्यावर घेतलं.

सून दचकून उठली. "अहो मावशी, हे काय केलंत! इतका शांत झोपला होता!"

"रडू दे," दुपटेबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "रडू दे गं त्याला. चांगलं मोठ्याने रडू दे."

"पण झालं काय?"

"माझं चुकलं, बाई. हे त्याच्या अंगावर पुन्हा घालायचं नाही. नाकाजवळ तर काहीच न्यायचं नाही."

"इतकं छान आहे, राहू द्या की!" सुनेने दुपट्याचं टोक धरलं. दुपटेबाईने ते हिसकावून घेतलं, काखेत मारलं आणि तडक खाली उतरली. रस्त्यावर आली आणि तिचे पाय जागच्या जागी थांबले. समोर परटाचं घर. त्याच्यापुढे शिक्षिकेचं. तिच्या वरच्या मजल्यावर नुकतंच आईबाप झालेलं जोडपं. सगळीकडे पाळणे, आणि प्रत्येक पाळण्यात हिच्या हातची ऊब.

गाउनच्या खिशात फोन वाजला. लेक होती.

"आई, भरण घातलंस का? कुठलं घातलंस?"

"कुठलंच नाही. नुसती दोन फ्लॅनेल एकावर एक शिवते. अंगाखाली घाल, आणि मांडीवर घेशील तेव्हा गुंडाळ. झोपेत अंगावर काही नको."

"तू धापा का टाकतेयस? आहेस कुठे?"

"आले, आले. ठेव तू," असं म्हणून तिने परटाचं दार ठोठावलं. कुणी लवकर येईना. आत बाळ रडतंय का ते ऐकायला ती दाराला कान लावून उभी राहिली.